झाडीपट्टीचा नट व त्याची पाठशाला

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगावयास बसलेला मनुष्य बहुधा सांगलीहून निघतो, पुण्यास मुक्काम करतो आणि मुंबईस पोहोचला म्हणजे आपला प्रवास संपला असे समजतो. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, पुढे गंधर्व आणि ललितकलादर्श या मंडळ्यांच्या वैभवाचे दिवस आले, १९३२ साली मराठी बोलपट अवतरला आणि ते वैभव ओसरू लागले, हा क्रम आपणा सर्वांस तोंडपाठ आहे. त्यात खोटे काहीच नाही. परंतु या राजमार्गापासून बाजूला एक प्रदेश असा आहे की, जेथे ते वैभव ओसरलेच नाही. निराळ्या रूपाने का होईना, ते आजतागायत टिकून राहिले आहे. हा प्रदेश म्हणजे वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील झाडीपट्टी होय. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांतील धानाच्या आणि जंगलाच्या या मुलखास लोक पूर्वापार ‘झाडी’ म्हणत आले आहेत.

या झाडीतील एका नटाचे नाव २५ जानेवारी २०२३ रोजी साऱ्या देशाच्या कानी पडले. त्या दिवशी जाहीर झालेल्या पद्म पुरस्कारांच्या यादीत गडचिरोली जिल्ह्याच्या कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे डॉ. परशुराम कोमाजी खुणे यांना पद्मश्री दिल्याचे घोषित झाले. ‘विदर्भाचे दादा कोंडके’ या लौकिकाने ते आपल्या भागात घरोघर ठाऊक होतेच. परंतु पुण्यामुंबईच्या पुष्कळ रसिकांनी त्यांचे नाव त्या दिवशी प्रथमच वाचले असेल. यादीबरोबर त्यांच्या कार्याचे जे वर्णन प्रसिद्ध झाले, त्यात दोन आकडे होते. पाच दशकांहून अधिक काळाच्या नाट्यसेवेत त्यांनी ५००० हून अधिक प्रयोग केले आणि त्यांत ८०० निरनिराळ्या भूमिका वठविल्या.

हे आकडे ऐकून ‘अबब!’ म्हणणे आणि पुढील बातमीकडे वळणे सोपे आहे. आपण तसे न करता त्यांचा थोडा हिशेब मांडून पाहू. कारण त्या हिशेबातच या रंगभूमीचे सारे मर्म साठविलेले आहे. ५० वर्षांत ५००० प्रयोग म्हणजे वर्षास सरासरी १०० प्रयोग. आता झाडीपट्टीचा नाट्यहंगाम काही बारमाही नव्हे. भाऊबीज झाली की तो सुरू होतो आणि होळीच्या सुमारास आटोपतो. म्हणजे फार तर साडेचार महिने, सुमारे १३५ रात्री. त्यांपैकी १०० रात्री रंगभूमीवर उभे राहावयाचे, म्हणजे चार रात्रींतील तीन रात्री जागावयाच्या. आणि नाटक तरी कसले? रात्री नऊ-दहाच्या सुमारास पडदा उघडावयाचा, तो पहाटेच मिटावयाचा. एक गाव आटोपले की दिवसा प्रवास, थोडी झोप, आणि संध्याकाळी दुसऱ्या गावी पुन्हा रंग चढवावयाचा.

दुसरा आकडा याहून बोलका आहे. ५० वर्षांत ८०० भूमिका म्हणजे वर्षास १६, आणि एकेका भूमिकेच्या वाट्यास सरासरी सहाच्या आसपास प्रयोग. शहरातील व्यावसायिक नटाचे गणित याच्या अगदी उलट असते. त्याचे एक नाटक चालले तर तेच शेकडो वेळा होते. एकच भूमिका तो वर्षानुवर्षे घोटीत राहतो आणि तिच्यात सूक्ष्म बारकावे भरीत जातो. झाडीपट्टीच्या नटास ही चैन परवडत नाही. त्यास दर महिन्यास तीनचार नवी माणसे अंगात आणावी लागतात आणि तितकीच उतरवून ठेवावी लागतात. हे कसे साधते, कोणत्या शाळेत शिकविले जाते, हा प्रश्न येथे आपोआपच उभा राहतो. त्याचे उत्तर शोधावयाचे तर या रंगभूमीचा पूर्ववृत्तांत पाहिला पाहिजे.

झाडीत नाटक येण्यापूर्वी दंडार होती. दंडार हा नाच, गाणे, सोंग व संवाद यांचा मिळून झालेला लोकरंजनाचा प्रकार. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरे, आणि मंडईच्या रात्री दंडारीवाचून लोकांस चैन पडत नसे. खडी गंमत, कीर्तन, गोंधळ हेही होतेच. पुढे किर्लोस्करी थाटाच्या संगीत नाटकाचा वारा नागपूर-वऱ्हाडावरून या रानात शिरला. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून नागभीडवरून चांद्याकडे छोट्या रुळांची आगगाडी सुरू झाली, तेव्हा माणसांबरोबर पडदे, पेट्या आणि पदेही प्रवास करू लागली. त्या काळी गावे मालगुजारांची असत. मालगुजाराच्या आश्रयाने दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या जोड्यांची शर्यत, आणि रात्री नाटक, अशी जोडी जमली. पट पाहावयास दहा-वीस गावांचा जनसमुदाय आलेलाच असे. त्यास रात्रभर बसवून ठेवावयास नाटकाइतके उत्तम साधन दुसरे कोणते?

मध्य प्रांतातील मालगुजारी १९५१ साली कायद्याने संपुष्टात आली. आश्रयदाता गेला म्हणजे कला गेली, हा आपल्या इतिहासाचा नेहमीचा धडा. येथे मात्र तसे घडले नाही. मालगुजाराची जागा गावाच्या नाट्यमंडळाने घेतली. पोरांनी वर्गणी काढावयाची, तालीममास्तर शोधावयाचा, धान निघाल्यावर मोकळ्या झालेल्या बांधीत मंडप घालावयाचा, आणि गावातल्याच गड्यांनी राजा, प्रधान, खलनायक व्हावयाचे. पूर्वी स्त्रीभूमिका पुरुषच करीत. पुढे नागपूर आदी शहरांतून नटी बोलावल्या जाऊ लागल्या. या दिवसांत सासुरवाशिणी माहेरी येत, पाहुणेरावळे जमत, सोयरिकी जुळत. नाटक हा केवळ करमणुकीचा कार्यक्रम न राहता गावाच्या वर्षातील सण होऊन बसला. राजाश्रयावाचून आणि सरकारी अनुदानावाचून तो चालला, कारण त्याचा यजमान एक मनुष्य नसून गाव होते.

कालांतराने या व्यवस्थेत एक मोठा पालट झाला. गावच्या पोरांनी स्वतः रंग फासण्याऐवजी तयार कंपनी बोलावण्याची चाल पडली. कंपन्यांचे ठाणे झाले वडसा. कागदोपत्री या गावाचे नाव देसाईगंज. दीर्घकाळ गडचिरोली जिल्ह्यातील एकमेव रेल्वे स्थानक येथे होते, आणि चारही जिल्ह्यांतून येणे-जाणे सोयीचे म्हणून नाटकवाल्यांनीही हेच स्थान पसंत केले. हंगामाच्या तोंडावर गावोगावचे मंडळी येथे येतात, नाटक ठरवितात, तारीख घेतात, विसार देतात. तिकिटे विकण्याची जोखीम मंडळाची. नफा झाला तर गावाच्या उपयोगी पडावा, तोटा झाला तर सर्वांनी मिळून सोसावा. हा व्यवहार रोकडा आहे, आणि त्यामुळे नटास एक गोष्ट पहिल्याच दिवशी कळते. मंडपातील मनुष्य उठून गेला तर त्याचे कारण दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

आता शिक्षणाचा प्रश्न घेऊ. नाट्यशिक्षण म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय येते. १९५९ साली स्थापन झालेल्या या विद्यालयास इब्राहिम अल्काझी यांनी १९६२ पासून १९७७ पर्यंत जे वळण लावले, त्याची थोरवी निर्विवाद आहे. पुण्यात जन्मलेल्या या दिग्दर्शकाने नटास शरीर, वाचा, नेपथ्य, प्रकाश आणि ग्रंथ या सर्वांची शिस्त शिकविली. परंतु त्याहून जुनी अशी एक शिक्षणपद्धती मराठी रंगभूमीपाशी होती. ती म्हणजे तालीममास्तराची. ‘शारदा’कर्ते गोविंद बल्लाळ देवळ हे किर्लोस्कर मंडळीत नटांस शिकवीत. मास्तर वाक्य म्हणून दाखवी, हातवारा करून दाखवी, शिष्य तो उचली, आणि पुष्कळदा उचलता उचलता स्वतःचे काही त्यात घाली. पाठशाला, वसतिगृह आणि परीक्षागृह ही सारी एकाच कंपनीत सामावलेली असत.

किर्लोस्करी मंडळ्या गेल्या, परंतु त्यांची ही पद्धती झाडीपट्टीत राहून गेली. येथे आजही शिकण्याचे पहिले स्थान तालीम हेच, आणि दुसरे स्थान विंग. नवा मुलगा प्रथम पडदे ओढतो, सामान उचलतो, शिपायाचे काम करतो. रात्रीमागून रात्र तो विंगेत उभा राहून मोठ्या नटाचे काम पाहतो. कोणत्या वाक्यास हशा आला, कोणत्या ठिकाणी थांबावे लागले, कोणत्या गावी लोक पदासाठी खोळंबले होते आणि कोणत्या गावी त्यांस संवाद हवा होता, हे त्याच्या अंगात मुरते. एखादे दिवशी कोणी आजारी पडतो, आणि विंगेतला मुलगा प्रकाशात ढकलला जातो. तीच त्याची परीक्षा.

या पद्धतीचे एक अंग शहरी पाहुण्यास खटकते. ते म्हणजे प्रॉम्प्टर. नटास वाक्ये सांगितली जातात हे पाहून पुष्कळांस वाटते की, ही कच्चेपणाची खूण आहे. परंतु वर्षास १६ नव्या भूमिका करावयाच्या तर अक्षरशः पाठांतरास वेळ कोठून आणावयाचा? तेव्हा येथील नट निराळी विद्या कमावतो. एका कानाने वाक्य ऐकावयाचे, त्याच क्षणी त्याचा भाव पकडावयाचा, तोंडाने ते आपलेसे करून म्हणावयाचे, आणि दुसऱ्या कानाने प्रेक्षकांची चाहूल घ्यावयाची. यात सूक्ष्मतेची हानी होते हे कबूल केले पाहिजे. ठरावीक पात्रांचे साचे बनतात. खलनायकाचे हसणे व नायकाचे आवेशयुक्त भाषण पुष्कळदा एकाच मुशीतले निघते. तथापि तत्परता, आवाजाची फेक, प्रेक्षकांशी तात्काळ जुळणारे नाते आणि पहाटेपर्यंत न मावळणारा उत्साह हे गुण याच तालमीत तयार होतात. ८०० भूमिकांचा नट अशा शाळेतूनच निघू शकतो, आणि तसा नट कंपनीत असला म्हणजे तो स्वतःच पुढील पिढीची शाळा होतो.

खुणे यांचा लौकिक विनोदी भूमिकांसाठी विशेष आहे, आणि त्यालाही कारण आहे. झाडीपट्टीच्या नाटकात राजे आणि नायक बहुधा पुस्तकी मराठी बोलतात; विनोदी पात्र मात्र झाडीबोलीत बोलते. ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ उच्चारणारी ही बोली शाळेत चुकीची ठरते, कचेरीत हास्यास्पद ठरते. रंगभूमीवर मात्र तीच सर्वांत शहाणी ठरते. ज्यास सारे गाव भोळा समजते, तो आपल्या बोलीत पाटलाचे आणि सावकाराचे पितळ उघडे पाडतो. प्रेक्षक हसतात ते बोलीला नव्हे, तर तिच्या विजयाला. एखाद्या भाषेचा अभिमान व्याख्यानांनी वाढविता येत नाही इतका तो अशा एका पात्राने वाढतो.

त्यांच्या गाजलेल्या भूमिकांत गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधील तळीरामाची गणना होते. या नाटकाचा विदर्भाशी एक करुण संबंध आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळील सावनेर येथे वारले, आणि त्यानंतर त्याच वर्षी हे नाटक रंगभूमीवर आले. कर्त्यास आपली कृती पाहावयास मिळाली नाही. तळीराम हा सुधाकरास प्याल्याची वाट दाखविणारा विनोदी सोबती. तो हसवितो आणि हसविता हसविता घर बुडवितो. आता हे पात्र गडचिरोलीत उभे राहते म्हणजे काय होते ते पाहा. या जिल्ह्यात दारूविरुद्ध गावोगावच्या स्त्रीपुरुषांनी दीर्घकाळ चळवळ केली आणि १९९३ साली तेथे दारूबंदी लागू झाली. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. ज्या मंडपात नवऱ्याच्या व्यसनाने पोळलेल्या बाया आणि तेच व्यसन असलेले पुरुष कनातीच्या एकाच छताखाली बसले आहेत, तेथे तळीरामाचा प्रत्येक विनोद दुधारी होतो. एक बाजू हसते, दुसरी मान खाली घालते. शंभर वर्षांपूर्वीचे हे नाटक शहरात अभ्यासाचा विषय झाले असेल. झाडीत ते अद्याप घरचे दुःख आहे.

पद्मश्रीच्या वेळी प्रसिद्ध झालेल्या वर्णनात आणखी एक गोष्ट नमूद होती. नक्षलग्रस्त भागातील वाट चुकलेल्या तरुणांच्या पुनर्वसनास त्यांनी साहाय्य केले. हे वाक्य छोटे आहे, परंतु त्यामागे मोठा रक्तरंजित काळ उभा आहे. १९८० च्या सुमारास आंध्राच्या बाजूने सशस्त्र दले या अरण्यात उतरली. १९८२ साली चंद्रपुरापासून गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला, तो या अशांततेच्या छायेतच वाढला. एका बाजूस बंदूक, दुसऱ्या बाजूस बंदूक, आणि मध्ये धान पेरणारा माणूस. खुणे यांचे गाव ज्या तालुक्यात आहे, त्या कुरखेडा तालुक्यातच जांभुळखेड्याजवळ १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान व त्यांचा एक वाहनचालक प्राणास मुकले.

अशा मुलखात रात्री हजारो माणसांनी एका ठिकाणी जमणे याचा अर्थ शहरातील मनुष्यास सहजी उमगणार नाही. जेथे अंधार पडला की दारे लागावयाची, तेथे वर्षातील काही रात्री तरी दिवे लागतात, आबालवृद्ध घराबाहेर पडतात, आणि एका गावचा मनुष्य दुसऱ्या गावच्या मनुष्याजवळ निर्धास्त बसतो. नाटकाने हिंसा थांबविली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तसा दावा कोणी करूही नये. परंतु विशीतल्या तरुणास आपल्या गावात राहून नाव मिळविता येईल, चारचौघांसमोर उभे राहून बोलता येईल, आणि बोलल्यावर लोक ऐकतील, अशी एक वाट नाटकाने उघडी ठेवली. ज्याचे कोणी ऐकत नाही त्यास बंदुकीचा आवाज आपला वाटू लागतो. त्यास दुसरा आवाज मिळवून देणे हेही नाट्यशिक्षणच होय.

या रंगभूमीवर संकटे थोडी आली नाहीत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींस मनाई केली, तेव्हा शंकरपट बंद पडले. आता नाटकही जाणार, असे भाकीत सोपे होते. परंतु नाटक बैलाचा आधार सोडूनही चालत राहिले, आणि २०२१ च्या अखेरीस पटांस पुन्हा अनुमती मिळेपर्यंत ते स्वतःच्या पायांवर उभे असल्याचे सिद्ध होऊन चुकले होते. २०२० च्या दिवाळीनंतरचा हंगाम साथीच्या निर्बंधांत बहुतांशी बुडाला. ज्यांचे वर्षाचे पोट साडेचार महिन्यांवर, त्यांच्यावर तो घाला प्राणांतिक होता. तोही त्यांनी सोसला. चित्रपट आला, दूरदर्शन आले, खिशातला दूरध्वनी आला. मंडप भरतच राहिले. विषयही पालटले. ऐतिहासिक व पौराणिक नाटकांच्या जोडीस सामाजिक नाटके आली. नवरगावचे सदानंद बोरकर यांच्यासारख्या लेखक-दिग्दर्शकाने शेतकऱ्यांच्या आत्महत्येचा विषय ‘आत्महत्या’ या नाटकाने शेतकऱ्यांच्याच पुढे मांडला.

आजची खरी चिंता निराळी आहे, आणि ती बाहेरून आलेली नाही. तिकिटे खपावीत म्हणून शहरातील चित्रपट-मालिकांचे चेहरे एका रात्रीपुरते आणण्याची चढाओढ लागते. तालमीचे दिवस त्यामुळे घटतात आणि विंगेतला मुलगा विंगेतच राहतो. प्रेक्षक त्या दिवशी खूश होतो, परंतु पुढील वर्षांचा नट तयार होत नाही. किर्लोस्कर मंडळीचा मोठेपणा तिच्या पडद्यांत नव्हता, तो देवळांच्या तालमीत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या चिंतेचे गांभीर्य कळेल. कंपनी विकत घेता येते. परंपरा मात्र शिकवावीच लागते.

दुसरे असे की, या रंगभूमीने आपला इतिहास कागदावर फारसा ठेवलेला नाही. ८०० भूमिका एका मनुष्याच्या देहात साठलेल्या आहेत; त्या त्याच्याबरोबरच राहतील. नाटकांच्या हस्तलिखित वह्या, पदांच्या चाली, प्रॉम्प्टरच्या खुणा, तालीममास्तरांच्या आठवणी हे सारे जपण्याजोगे धन होय. २०११ साली गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आहे. ज्या मातीत ते उभे आहे, त्या मातीतील ही विद्या टिपून ठेवण्याचे काम अशा संस्थांनी अधिक नेटाने करावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. म्हाताऱ्या नटांपाशी बसून त्यांस बोलते करण्यास मोठा खर्च लागत नाही. लागतो तो आदर आणि थोडी घाई.

आपण शहरवासी, नाट्यगृहाच्या खुर्चीत बसून रंगभूमीच्या भवितव्याची काळजी वाहतो. प्रेक्षक का येत नाहीत, नट का टिकत नाहीत, यावर परिसंवाद करतो. त्या परिसंवादांत वडसा आणि गुरनोली ही नावे ऐकू येत नाहीत. प्रेक्षक, यजमान आणि नट ही तिघे जेथे एकाच गावची असतात, तेथे नाटक टिकते, ही साधी गोष्ट झाडीपट्टी शतकाहून अधिक काळ करून दाखवीत आहे. खुणे यांना मिळालेला सन्मान म्हणूनच एका नटाचा राहत नाही. ज्या गावांनी मंडप घातला, तिकिटे खपविली, तोटा वाटून घेतला आणि पहाटेपर्यंत डोळे मिटले नाहीत, त्या सर्व गावांचा तो सन्मान आहे. रसिकांनी दिवाळीनंतरची एखादी रात्र सवड काढून वैनगंगेकाठी घालवावी. तेथे जे दिसेल ते सर्वच उत्कृष्ट असेल असे नाही. परंतु नाटक हे माणसास अन्नाइतके अगत्याचे कसे वाटू शकते, याचा उलगडा तेथे खात्रीने होईल.